रोजच्या जगण्यात ख्रिस्ती साक्ष: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी मंडळ्यांत, मग त्या प्रॉटेस्टंट असोत की कॅथलिक, हे प्रश्न पुन्हापुन्हा येतात. कधी सोसायटीत नाताळचे फराळाचे ताट पाठवताना, कधी कारखान्यात खंडेनवमीला, कधी एखाद्या मयताच्या घरी. इथली उत्तरे महाराष्ट्रात राहणाऱ्या सामान्य विश्वासणाऱ्यांसाठी आहेत. पाळकांना आणि धर्मगुरूंना त्यांचे शिक्षण असतेच.

साक्ष देणे म्हणजे चौकात उभे राहून प्रचार करणे का?

नाही. पेत्राच्या पहिल्या पत्रात (३:१५) सांगितलेले काम साधे आहे: तुमच्या आशेविषयी कोणी विचारले तर उत्तर द्यायला तयार असा, आणि ते सौम्यपणे द्या. तिथे विचारणारा आधी येतो. म्हणजे वागण्यात विचारावेसे वाटेल असे काही दिसायला हवे आणि विचारल्यावर तोंडातून धड उत्तर निघायला हवे. पहिल्या भागावर आपल्याकडे भरपूर प्रवचने होतात. दुसऱ्याची तयारी मात्र क्वचितच कोणी करून घेतो.

लोक आपल्याकडे नेमके कुठे बघतात?

पैशाच्या आणि वेळेच्या जागी. भिशीचा हप्ता तारखेला येतो का, सोसायटीचा मेंटेनन्स थकलेला आहे का, ऑफिसात प्रवासभत्त्याचे बिल खरे लावता का. ‘प्रभूने मला बदलले’ असे सांगणाऱ्याकडे किराणावाल्याची तीन महिन्यांची उधारी असेल, तर ते वाक्य त्या गल्लीत कोणी ऐकत नाही.

एक जागा हमखास चुकते: घरकामाच्या बाईंचा बोनस. ‘आमची दिवाळी नसते’ म्हणून बोनस नाताळपर्यंत लांबवणारी घरे आहेत. पण बाईंची दिवाळी असते, त्यांच्या मुलांचे कपडे दिवाळीला घ्यायचे असतात. बोनस त्यांच्या सणाला द्यावा, आणि आजूबाजूची घरे एक पगार देत असतील तर त्याहून कमी देऊ नये. नाताळला साडी किंवा मिठाई दिली तर ती वरची.

दुसरी जागा चर्चच्या बाहेरची. रविवारी साडेनऊला लोकांच्या फाटकासमोर लावलेल्या दुचाक्या त्या वस्तीत मंडळीचे नाव किती खराब करतात, याचा अंदाज आत गाणाऱ्यांना नसतो. दोन तरुणांना पार्किंगवर उभे करा. लाउडस्पीकरचे तोंड आतल्या बाजूला ठेवा. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर कायद्यानेच बंद असतो. जागरणाच्या उपासनेलाही हा नियम लागू आहे.

‘तुम्ही ख्रिश्चन कसे?’ असे सहकाऱ्याने डबा खाताना विचारले तर काय सांगू?

दोन मिनिटांत सांगता येईल एवढेच. वहीचे एक पान लिहून काढा आणि त्यात तीन गोष्टी येऊ द्या: आधी काय होते, येशूच्या कोणत्या गोष्टीने तुम्हाला धरले, आणि आज त्याने काय फरक पडतो. तिसरी गोष्ट लहान आणि तपासता येण्यासारखी असावी. ‘मला शांती मिळाली’ यातून काही कळत नाही. ‘भावाशी जमिनीवरून आठ वर्षे बोलणे बंद होते, मीच जाऊन क्षमा मागितली’ हे कळते. अर्थात ते खरे असेल तरच सांगावे.

जन्मापासून ख्रिस्ती असलेल्यांना वाटते की आपल्याकडे सांगण्यासारखे काही नाही. आजोबांचा बाप्तिस्मा कुठल्या गावी झाला ते सांगण्यापेक्षा हा विश्वास तुमचा स्वतःचा कधी झाला, एखादा निर्णय त्यामुळे वेगळा घेतला का, हे सांगा. काहीच आठवत नसेल, तर आधी स्वतःशी बसायला हवे.

लिहिलेले पान मंडळीबाहेरच्या एखाद्या मित्राला वाचून दाखवा आणि तो कुठे अडखळतो ते बघा. आधीच्या धर्माबद्दल, घरच्या देवांबद्दल एकही वाईट शब्द त्यात नको. ऐकणाऱ्याची आजी त्याच देवाला रोज फुले वाहते. तिच्या भक्तीचा अपमान झाला की पुढचे काही कानात शिरत नाही.

आम्ही मराठीतच बोलतो, तरी लोकांना कळत नाही. असे का?

कारण आपण चर्चची मराठी बोलतो. जुन्या भाषांतरांतून आणि गीतांतून आलेले शब्द आपल्या कानाला इतके ओळखीचे झालेत, की बाहेर त्यांचा अर्थ वेगळा आहे हे लक्षातच येत नाही. पुढचे शब्द एकेक करून तपासा.

‘तारण’. आपल्यासाठी हा सर्वांत मोलाचा शब्द. बाहेरच्या माणसाने तो शेवटचा बँकेत ऐकलेला असतो: सोनेतारण, तारण कर्ज. ‘तुमचे तारण झाले आहे का?’ या प्रश्नावर तो गोंधळतो, यात नवल नाही. त्याऐवजी ‘सुटका’ म्हणा, ‘वाचवणे’ म्हणा, आणि कशापासून तेही सांगा.

‘नवा जन्म’. आपण योहानाच्या तिसऱ्या अध्यायातले बोलत असतो, ऐकणारा पुनर्जन्म समजतो आणि आनंदाने म्हणतो, ‘म्हणजे तुमच्यातही मानतात तर!’ तिथे येशूला भेटायला आलेल्या निकदेमाचाही गोंधळच झाला होता, म्हातारा माणूस पुन्हा कसा जन्मेल असे त्याने विचारले होते. म्हणून शब्द टाकून पुढे जाऊ नका. ‘याच आयुष्यात, देवाच्या हाताने आतून नव्याने सुरुवात’ असे लांबवून सांगितलेले बरे.

‘पाप’. इथे हिशेबाच्या वहीचे चित्र उभे राहते: एका बाजूला पाप, दुसऱ्या बाजूला पुण्य, शेवटी वजाबाकी. बायबलमधले पाप हे आधी तुटलेले नाते आहे, मग वाईट कृत्यांची यादी. उधळ्या पुत्राची गोष्ट (लूक १५) इथे कुठल्याही व्याख्येपेक्षा जास्त उपयोगी पडते. वाटणी मागून घर सोडलेला धाकटा मुलगा आणि वाटेकडे डोळे लावून बसलेला बाप मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

‘देवाचा पुत्र’. काहींना हे शारीरिक अर्थाने ऐकू येते, मुस्लिम मित्राला तर हमखास. ‘पिता आणि पुत्र हे नाते सांगणारे शब्द आहेत, शरीराचा संबंध त्यात नाही’ हे वाक्य आधीच बोलून टाका.

‘अवतार’. शेजारी प्रेमाने म्हणतो, ‘येशू हा तुमचा अवतार.’ इथे चटकन ‘नाही, नाही’ म्हणून हात झटकू नका. तो जवळ यायचा प्रयत्न करतोय. आधी ‘देव माणसांत आला, एवढे आपले सारखे’ म्हणा. मग फरक सांगा: आम्ही मानतो की हे एकदाच घडले, आणि त्याने घेतलेला देह पुनरुत्थानानंतरही टाकून दिला नाही.

‘ओझे आले’, ‘प्रभूने बोलणे केले’, ‘आशीर्वादित झालो’, ‘रक्ताने धुतले’ असले शब्दप्रयोग मंडळीत ठेवा. बसस्टॉपवर ‘कोकऱ्याचे रक्त’ ऐकलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर खंडोबाचा किंवा म्हसोबाचा नवस येतो.

पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले ते साध्या बायाबापड्यांना कळावे म्हणून. १९२२ साली, आयुष्याच्या अगदी शेवटापर्यंत त्या ते काम करत होत्या. भाषेवर एवढे कष्ट घेणे हीदेखील सेवाच आहे.

‘तुमचा धर्म इंग्रजांचा ना?’ यावर काय उत्तर द्यावे?

पहिले वाक्य: ‘येशू आशियातला, ज्यू घरातला, सुताराच्या घरी वाढलेला.’ बहुतेक वेळा एवढे पुरते.

पुढे विचारले तर इतिहास माहीत असावा. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांनी मराठीत ख्रिस्तचरित्र रचले ते ओवीत, ११ हजारांच्या आसपास ओव्यांचे, आणि ते १६१६ मध्ये छापले गेले. मराठी नवा करार १८११ मध्ये श्रीरामपूरला छापला गेला (बंगालमधले श्रीरामपूर, नगर जिल्ह्यातले नव्हे). १८१३ मध्ये अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट मुंबईत उतरले तेव्हा ईस्ट इंडिया कंपनी त्यांना परत पाठवायला निघाली होती. म्हणजे राज्यकर्ते आणि मिशनरी नेहमी एकाच होडीत नव्हते. नगरहून १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे ख्रिस्ती नियतकालिक सुरू झाले. कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. त्यांनी अभंगातच ख्रिस्त गायला, आणि ती गीते आजही आपल्या उपासनेत टाळ-मृदंगावर म्हटली जातात.

ही यादी कोणाच्या तोंडावर फेकू नका. आणि समोरच्याने गोव्याच्या इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा, विषय काढला तर सारवासारव करू नका. १५६० ते १८१२, मधली काही वर्षे सोडता, ते न्यायालय चालले आणि त्याने लोकांना छळले. ‘ते चूक होते, येशूच्या नावाने ते व्हायला नको होते’ एवढे स्पष्ट म्हणा. ‘पण त्या काळी सगळेच तसे करत’ हे वाक्य आले की तुमचा खरेपणा तिथेच संपतो.

प्रसाद दिला तर घ्यावा का?

या प्रश्नावर मंडळ्यामंडळ्यांत मतभेद आहेत, ते राहणार. प्रेषित पौलाने १ करिंथकरांस या पत्राच्या ८ आणि १० या अध्यायांत दोन्ही बाजू धरल्या आहेत. कोणी जेवायला बोलावले तर खोदून न विचारता समोर येईल ते खा. पण ‘हे वाहिलेले आहे’ असे कोणी सांगितले, तर सांगणाऱ्यासाठी ते खाऊ नका. म्हणजे मोदकात काही विष आहे असे पौल म्हणत नाही. त्या क्षणी तुमच्या खाण्याचा समोरचा काय अर्थ लावेल, एवढाच त्याचा प्रश्न आहे. याच प्रकरणात तो असेही बजावतो की तुमच्या मोकळेपणाने दुबळ्या विश्वासाचा भाऊ ठेचकाळू नये. नुकताच विश्वासात आलेला माणूस शेजारी बसला असेल तर त्याचा विचार आधी.

घ्यायचे नसेल तर कसे नाकारायचे, यात आपण फार चुका करतो. मूर्ती, वाहिलेले, सैतान हे शब्द दारात उच्चारूच नयेत. मराठी माणसाकडे यासाठी तयार शब्द आहे: ‘चालत नाही’. ज्याच्या घरात चतुर्थीला काही चालत नाही, श्रावणात मांसाहार चालत नाही, त्याला ‘काकू, आमच्यात प्रसादाचे चालत नाही, पण तुमच्या हातचा शिरा मला फार आवडतो, एरवी केलात की नक्की द्या’ हे लगेच समजते. मग एरवी दिला की खरोखर खा. ताटात आलेलेच असेल तर दोन्ही हातांनी घ्या. नंतर ते कचऱ्यात टाकलेले कोणाला दिसले, तर त्या घराशी नाते संपले असे समजा. ज्याला चालते त्याला द्या.

आणि ताट रिकामे परत करू नका. चार केळी, थोडी साखर, काहीही. ही मराठी घरांची रीत आहे आणि तिच्यात विश्वासाच्या आड येणारे काही नाही.

गणपतीची वर्गणी, ऑफिसातला सत्यनारायण, खंडेनवमीची पूजा यांचे काय?

वर्गणीचा निर्णय पावतीपुस्तक दारात येण्याआधी करा. आषाढातच कमिटीच्या सेक्रेटरींना भेटून सांगा की पूजेच्या खर्चात भाग घेता येणार नाही, पण तेवढीच रक्कम रक्तदान शिबिर, मुलांच्या स्पर्धा किंवा महाप्रसादाच्या दिवशीचे पाणी यांसाठी देतो. रक्कम तेवढीच हवी. विश्वासाच्या नावाखाली पाचशे रुपये वाचवले असे वाटले की संपलेच. दहा दिवसांत एखादे काम अंगावर घ्या: खुर्च्या लावणे, विसर्जनाच्या दिवशी वाहतूक सांभाळणे.

सत्यनारायणाच्या दिवशी रजा टाकून गायब होणे हा सर्वांत वाईट मार्ग. कामावर या, आरतीच्या वेळी मागे शांत उभे राहा, मोबाइल बघू नका. हात न जोडल्याने कोणी दुखावत नाही, तोंड वेडेवाकडे केल्याने दुखावतो.

खंडेनवमीला वर्कशॉपमध्ये यंत्रांना हळदकुंकू आणि झेंडूचे हार घालतात. तुमचे लेथ किंवा प्रेस मशीन असेल तर आदल्या संध्याकाळी ते स्वतः लख्ख करा: बुरादा काढा, तेलपाणी करा, गाइडवे पुसा. पूजा करणारे सहकारी फूल ठेवतील, ठेवू द्या. त्यांच्यासमोर ते काढून फेकू नका. दुसऱ्या दिवशी मशीन चालू करताना सगळेच काढतात, तेव्हा तुम्हीही काढा. ज्याच्या मशीनची निगा उत्तम, त्याच्या विश्वासावर सहसा कोणी बोट ठेवत नाही.

नाताळचे ताट शेजाऱ्यांना द्यायचे. काय सांभाळावे?

करंज्या, शंकरपाळे, चकल्या, लाडू आपल्याकडे असतातच. अडचण केकची. ज्या घरी अंडे चालत नाही तिथे अंड्याचा केक ‘फक्त थोडेसेच अंडे आहे’ म्हणत देणे हा त्या घराचा अपमान आहे. बिनअंड्याचा वेगळा करा, आणि भांडी खरोखर वेगळी असतील तरच तसे सांगा.

एकाच वाटीने मोजून: दीड वाटी मैदा, एक वाटी घट्ट ताजे दही, पाऊण वाटी पिठीसाखर, अर्धी वाटी तेल, सव्वा छोटा चमचा बेकिंग पावडर, अर्धा छोटा चमचा खायचा सोडा, थोडा व्हॅनिला इसेन्स. दही आणि साखर फेटून त्यात पावडर व सोडा घाला, पाच मिनिटे ठेवा, बुडबुडे येतात. मग तेल, इसेन्स आणि शेवटी चाळलेला मैदा तीन वेळा थोडाथोडा. मैदा घातल्यावर जास्त घोटलात तर केक रबरासारखा होतो. १८० अंशांवर ३५ ते ४० मिनिटे. पहिली २५ मिनिटे ओव्हन उघडू नका, मध्ये खड्डा पडतो. सुकामेवा मैद्यात घोळवून घाला, नाहीतर तळाशी बसतो. बेकरीच्या भट्टीत देत असाल तर डबे अंड्याच्या केकचे नसावेत.

जैन घरांसाठी चकलीत कांदा-लसूण नको. आयसिंग लावत असाल तर त्यात जिलेटिन नाही याची खात्री करा. आणि ताट पाठवण्याआधी कालनिर्णय बघा: त्या दिवशी एकादशी, संकष्टी किंवा मार्गशीर्षातला गुरुवार असेल तर दुसऱ्या दिवशी द्या. ताटात पत्रिका किंवा वचनाची चिठ्ठी घालू नका. ताट हे ताटच असू द्या. ‘नाताळ म्हणजे नेमके काय हो?’ असे दारात कोणी विचारले, तर दोन मिनिटे तुमची आहेत.

शेजारी आजारी आहे. प्रार्थना करू का?

विचारून करा. ‘तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का? इथे करू की घरी जाऊन?’ हा दुसरा पर्याय दिला की माणसाला संकोच न होता नाही म्हणता येते. हो म्हटले तर एक मिनिट, साध्या आवाजात, आजाऱ्याचे नाव घेऊन. डोक्यावर हात ठेवायचा असेल तर तेही विचारा. दहा जणांचा घोळका घेऊन वॉर्डात जाऊ नका. बाजूच्या खाटांवरही आजारी माणसे असतात.

‘नक्की बरे व्हाल’ असे वचन देऊ नका, ते देण्याचा अधिकार आपल्याला नाही. ‘औषध बंद करा, विश्वास ठेवा’ हे तर कधीच, कोणालाही नाही. इन्सुलिन, रक्तदाबाच्या गोळ्या, फिटची औषधे, टीबीचा कोर्स अर्ध्यात सुटला की माणूस जीवाला मुकू शकतो. याकोबाच्या पत्रात (५:१४) मंडळीच्या वडीलजनांना बोलावून तेल लावून प्रार्थना करा असे म्हटले आहे, वैद्याला हाकला असे कुठेही म्हटलेले नाही. पौलाचा सोबती लूक स्वतः वैद्य होता.

कायद्याची बाजूही गंभीर आहे. मधुमेह, कर्करोग अशा आजारांवर चमत्काराने उपाय होतो अशी जाहिरात करणे १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याखाली गुन्हा ठरू शकते. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा तथाकथित चमत्कार दाखवून लोकांना फसवणे आणि साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला उपचारांपासून रोखणे यांना गुन्हा मानतो. ‘रोगमुक्ती सभा’ असे फलक लावणाऱ्या मंडळ्यांनी हे वाचून घ्यावे.

प्रार्थनेइतकेच उपयोगी: डब्याची पाळी, रक्ताची गरज, मुलांना शाळेतून आणणे, रात्री दवाखान्यात बसायला माणूस.

मयताच्या घरी काय बोलावे?

शक्य तितके कमी. त्या दिवशी घरात चूल पेटत नाही. पिठले-भाकरी किंवा मुगाची खिचडी, चहाचा थर्मास आणि कागदी कप घेऊन जा. ‘देवाची इच्छा’ म्हणू नका, गेलेला माणूस आता कुठे असेल यावर तर चकार शब्द नाही. दहाव्या, तेराव्याच्या विधींत भाग घेता आला नाही तरी मांडव, पाहुण्यांची झोपायची सोय, मृत्यूच्या दाखल्यासाठी महापालिकेत जाणे ही कामे असतात. महिन्याभराने पुन्हा जा. तोवर बाकीचे यायचे थांबलेले असतात.

‘तुम्ही पैसे देऊन धर्म बदलता’ असा आरोप होतो. काय करावे?

चिडू नये. दुष्काळाच्या काळात अन्न आणि बाप्तिस्मा एकमेकांच्या फार जवळ आले होते, हा इतिहास आहे आणि लोकांच्या आठवणीत आहे. उत्तर कामाच्या पद्धतीत द्यायचे. वह्यावाटप, शिधा, वैद्यकीय शिबिर यांना प्रार्थनेची अट नको, आणि त्याच वेळी, त्याच जागी प्रवचनही नको. यादी गरजेवरून करा, मंडळीतल्यांना झुकते माप नको. प्रत्येक रुपयाची पावती, आणि वाटप करताना वस्तीतला एक बिगरख्रिस्ती माणूस सोबत. मदत घेतलेल्याचा फोटो काढून ‘प्रभूचे कार्य’ म्हणून फिरवू नका. उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये, असे मत्तय ६:३ सांगते; तो डावा हात आजकाल मोबाइल धरून असतो.

कायदा नेमके काय सांगतो?

संविधानाचा अनुच्छेद २५ धर्म मानण्याचा, पाळण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क देतो. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये रेव्ह. स्टॅनिस्लॉस खटल्यात स्पष्ट केले की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची शिकवण समजावून सांगणे. दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क त्यात येत नाही. गुजरात, मध्य प्रदेश यांसारख्या राज्यांत धर्मांतराबाबत वेगळे कायदे आहेत, त्यांत आधी सूचना देण्यासारख्या अटी असतात. राज्याराज्याचे नियम बदलत राहतात, तेव्हा मंडळीने वर्षातून एकदा वकिलाला बोलावून सगळ्यांना सद्यस्थिती समजावून घ्यावी. दुसऱ्या धर्माची जाणूनबुजून विटंबना करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ खाली येते. त्यापलीकडे ते येशूच्या शिकवणीतही बसत नाही.

दुसऱ्यांच्या मुलांना आईवडिलांच्या परवानगीशिवाय संडे स्कूलला नेऊ नका, खाऊचे आमिष दाखवून तर नाहीच. घरच्या प्रार्थनेत कोणी गोंधळ घालायला आले तर हुज्जत नको, एकाने ११२ ला फोन करावा, बाकीच्यांनी बसून राहावे.

व्हॉट्सअपवर वचने पाठवावीत का?

सोसायटीच्या किंवा ऑफिसच्या ग्रुपवर नाही. दिवाळीच्या शुभेच्छा मनापासून द्या, त्याखाली वचन चिकटवू नका.

आमच्या मंडळीतच जात पाळतात. मग बाहेर कोणत्या तोंडाने बोलायचे?

हा प्रश्न विचारणारे बरोबर विचारतात. लग्न जुळवताना ‘आपल्यातलेच’ हवे म्हणताना जात बघितली जाते, काही गावांत दफनभूमीतही कोपरे वेगळे आहेत. १९५० च्या राष्ट्रपती आदेशामुळे दलित ख्रिस्तींना अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. त्या अन्यायाविरुद्ध सरकारकडे दाद मागणारी मंडळी स्वतःच्या बाकांवर उच्चनीच ठेवत असेल, तर शेजाऱ्याला ते दिसते. सुरुवात प्रभुभोजनाच्या रांगेपासून आणि पंचकमिटीच्या यादीपासून करता येते. मुलामुलींच्या लग्नापर्यंत पोहोचणे अवघड आहे, पण खरी कसोटी तिथेच आहे.

शेजाऱ्यासमोर मीच भांडलो, शिवी दिली. आता माझी साक्ष गेली का?

त्याच दिवशी जाऊन माफी मागा. ‘तुम्हीही बोललात, पण…’ असा शेपटीचा भाग जोडू नका. नुकसान केले असेल तर पैसे घेऊन जा. ज्यांनी भांडण ऐकले त्या मजल्यावरच्या लोकांसमोर मागितलेली माफी बंद दाराआडच्या माफीपेक्षा खरी धरली जाते.

कोणी बायबल मागितले तर कोणते द्यावे?

आधी एकच शुभवर्तमान द्या. मार्क १६ अध्यायांचे आहे, रोज एक वाचला तर सोळा दिवसांत संपते. कुटुंब, बाया, गरीब, पाहुणचार यांत रस असलेल्याला लूक द्या. सबंध बायबल दिले की माणूस पहिल्या पानापासून सुरुवात करतो आणि लेवीय या पुस्तकातल्या यज्ञविधींत अडकून ठेवून देतो. ज्याला टिपा आणि सोपी भाषा हवी त्याला फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे सुबोध बायबल बरे पडते. त्या भाषांतराला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेला आहे. अक्षर मोठे बघून घ्या, वयस्कर वाचणाऱ्यांसाठी विशेषतः. पहिल्या पानावर फक्त नाव आणि तारीख लिहा. ‘वाचले का?’ असे आठवड्याने विचारू नका. वाचताना प्रश्न पडले तर तो स्वतः येईल. तेव्हा उत्तर ठाऊक नसेल तर ‘बघून सांगतो’ म्हणा, आणि खरोखर बघून सांगा.